मोहंमद, कार्ला आणि अली : इटालियन कवितेतलं शहर

विसाव्या शतकातल्या इटालियन कवितेचं एक फार महत्त्वाचं पुस्तक एका मोहंमदच्या आठवणीने सुरू होतं. पुस्तकाचं नाव ‘इल पोर्तो सेपोल्तो’, म्हणजे ‘गाडलं गेलेलं बंदर’. कवी जुझेप्पे उंगारेत्ती. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६च्या डिसेंबरात, उदिने नावाच्या गावात या पुस्तकाच्या फक्त ८० प्रती छापल्या गेल्या. कवी तेव्हा आघाडीवर साधा शिपाई होता. चिखलात, खंदकात लिहिलेल्या त्या कवितांमधली पहिली कविता युद्धाविषयी नाही. ती पॅरिसमधल्या एका अरब तरुणाच्या आत्महत्येविषयी आहे. त्याचं नाव मोहंमद शेआब.

मला इटालियन येत नाही. ही कविता मी अनुवादांतून वाचत आलो आहे, त्यामुळे तिच्या नादाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. पण कविता कुणाविषयी बोलते आणि कुणाला गाळते, हे अनुवादातही कळतं. आधुनिक इटालियन कवींनी शहर कसं पाहिलं, याचा शोध घेताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसत गेली. शहराच्या दफ्तरात ज्यांची नोंद नव्हती, किंवा असलेली नोंद जिथे पुसली गेली, तिथे चांगल्या कवींनी आपली वही उघडली. जे कवी फक्त शहराच्या झगमगाटाला भुलले, ते मात्र फार लवकर शिळे झाले.

अलेक्झांड्रियाचे दोघे

गंमत म्हणजे आधुनिक इटालियन कवितेला वळण देणारे दोन कवी इटलीत जन्मलेच नाहीत. दोघेही इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे. फिलिप्पो तोम्मासो मारिनेत्ती १८७६चा, उंगारेत्ती १८८८चा. मारिनेत्तीचे वडील श्रीमंत वकील. उंगारेत्तीचे वडील लुक्का भागातून आलेले मजूर. सुएझ कालव्याच्या कामावर ते राबले आणि मुलगा दोन वर्षांचा असताना वारले. पुढे आईने पावाची भट्टी चालवून घर सांभाळलं. एकाच शहरातली ही दोन घरं. पण दोन्ही घरांतून दिसणारं जग सारखं नव्हतं.

मारिनेत्ती मिलानला स्थायिक झाला. २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ दैनिकाच्या पहिल्या पानावर त्याचा भविष्यवादाचा जाहीरनामा आला. त्याची सुरुवात मोठी मजेशीर आहे. मिलानच्या घरात मशिदीतल्या दिव्यांसारखे दिवे टांगलेले आहेत आणि त्यांच्या उजेडात मारिनेत्ती व त्याचे मित्र रात्रभर जागत बसले आहेत. बाहेरून ट्रामचा गडगडाट आणि मोटारींची गुरगुर ऐकू येते आणि ही मंडळी उठून त्या आवाजामागे धावत सुटतात. मशिदीचा दिवा म्हणजे जुनं, निवांत, टाकून द्यायचं जग. मोटार म्हणजे नवं जग. पुढे जाहीरनामा सांगतो की आम्ही गर्दीची, कारखान्यांची, रेल्वे स्टेशनांची, विजेच्या दिव्यांत न्हालेल्या गोद्यांची गाणी गाऊ. संग्रहालयं आणि ग्रंथालयं पाडून टाकू. आणि युद्धाचा गौरव करू.

शहराला कवितेचा विषय म्हणून इतक्या मोठ्या आवाजात कुणी मागितलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. पण या शहरात माणूस कुठे आहे? गर्दी आहे, पण गर्दीतला एकही चेहरा नाही. यंत्र आहे, ते चालवणाऱ्याचा हात नाही. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, इटलीने लिबियावर स्वारी केली, तेव्हा मारिनेत्ती एका फ्रेंच वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून तिकडे गेला आणि त्रिपोलीच्या लढाईचं कौतुक त्याने पुस्तकभर केलं. याच युद्धात १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने विमानातून हाताने बॉम्ब टाकले. विमानातून झालेला जगातला पहिला बॉम्बहल्ला म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. वेग, यंत्र आणि आकाश या तिन्ही गोष्टी भविष्यवाद्यांच्या आवडीच्या. खाली कोण होतं, हे त्यांच्या कवितेने विचारलं नाही. पुढे मारिनेत्ती फॅसिस्टांच्या जवळ गेला, यात मला नवल वाटत नाही.

उंगारेत्ती १९१२ मध्ये अलेक्झांड्रिया सोडून पॅरिसला गेला. मोहंमद शेआब हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी मिळून फ्रेंच आणि इटालियन कवी वाचलेले. पॅरिसमध्ये दोघं रू दे कार्म नावाच्या उताराच्या गल्लीत, ५ क्रमांकाच्या एका साध्या लॉजमध्ये राहत. मोहंमदने तिथे आपलं नाव बदलून मार्सेल केलं. पण नाव बदलल्याने तो फ्रेंच झाला नाही आणि मागे सोडलेल्या, कुराणपठणाचे सूर ऐकू येणाऱ्या घरातही त्याला परत जाता येईना. १९१३ मध्ये त्याने जीव दिला.

तीन वर्षांनी खंदकात बसून उंगारेत्तीने त्याच्यावर जी कविता लिहिली, ती अगदी लहान आहे. तिच्यात शोकाचे मोठे शब्द नाहीत. मित्राचं नाव आहे, त्याने घेतलेलं दुसरं नाव आहे, गल्लीचं नाव आणि घराचा क्रमांक आहे. अंत्ययात्रेला कवी आणि लॉजची मालकीण अशी दोनच माणसं आहेत. शहराबाहेरच्या इव्री इथल्या कबरस्तानाचाही उल्लेख आहे. हा माणूस होऊन गेला याचा साक्षीदार आता बहुधा आपण एकटेच, या जाणिवेपाशी कविता थांबते.

ही कविता मला एखाद्या दाखल्यासारखी वाटते. नाव, पत्ता, दफनाचं ठिकाण आणि एका साक्षीदाराची सही. पॅरिससारख्या अफाट शहराने जे ठेवलं नाही ते कवीने ठेवलं. आज जगभर इटालियन कविता शिकणारी मुलं मोहंमद शेआबचं नाव वाचतात, ते या एका कवितेमुळे.

इथे थोडं स्वतःविषयी. पुण्यात शिकायला आलो तेव्हा खोली शोधताना एका घरमालकांशी सगळं ठरलं होतं. भाडं, अनामत, किल्ली कधी मिळणार, सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, “पूर्ण नाव काय म्हणालात?” मी सांगितलं. “अरेरे, ती खोली कालच गेली बघा.” त्या वेळी बरोबरचा मित्र चेष्टेने म्हणाला होता, “पुढच्या वेळी नुसतं समीर सांग.” आम्ही दोघंही हसलो. मोहंमदचा मार्सेल होतो तो याच वळणावर, हे मला बऱ्याच वर्षांनी ही कविता वाचताना कळलं.

उंगारेत्तीला मी साधुसंत करत नाही. याच पुस्तकाची नवी आवृत्ती १९२३ मध्ये निघाली, तेव्हा तिला प्रस्तावना होती मुसोलिनीची. मित्राचं नाव जपणारा कवी, माणसांची नावं पुसणाऱ्या राजवटीच्या इतक्या जवळ गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

त्रिएस्तचा पुस्तकवाला

नावं पुसण्याचं काम कसं चालायचं, हे पाहायचं तर आद्रियाटिक समुद्रावरच्या त्रिएस्त बंदरात जावं लागतं. पहिल्या महायुद्धापर्यंत हे शहर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. १७१९ मध्ये सम्राटाने ते खुलं बंदर जाहीर केलं आणि इटालियन, स्लोव्हेन, जर्मन, ज्यू, ग्रीक, सर्ब असे नाना तऱ्हेचे लोक तिथे येऊन वसले. आपल्याकडच्या मुंबईकराला हे चित्र ओळखीचं वाटेल.

कवी उंबेर्तो साबा याच शहरात १८८३ मध्ये जन्मला. आई ज्यू. वडील ख्रिस्ती, ते मुलाच्या जन्माआधीच घर सोडून गेलेले. सांभाळणारी दाई स्लोव्हेन. वडिलांचं आडनाव पोली. ते टाकून त्याने ‘साबा’ हे नाव घेतलं. ते दाईच्या आडनावावरून आलं की हिब्रूतून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मोहंमदने नाव बदललं ते परक्या शहरात शिरता यावं म्हणून. साबाने बदललं ते मात्र ज्या बायकांनी वाढवलं त्यांच्या बाजूला उभं राहण्यासाठी, असं मला वाटतं.

१९१९ मध्ये साबाने व्हिया सान निकोलो या रस्त्यावर ३० क्रमांकाचं जुन्या पुस्तकांचं दुकान विकत घेतलं आणि आयुष्यभर तेच चालवलं. ‘कान्झोनिएरे’ हा त्याचा मोठा संग्रह १९२१ मध्ये निघाला, तोही या दुकानाच्याच नावाने. त्याच्या कवितेत त्रिएस्त हे शहर एखाद्या हट्टी, देखण्या पण दांडगट पोराप्रमाणे येतं. ‘जुनं शहर’ या नावाची त्याची एक कविता प्रसिद्ध आहे. घरी जाताना कवी मुद्दाम बंदरालगतच्या अंधाऱ्या गल्लीतून जातो. तिथे खलाशी आहेत, वेश्या आहेत, शिव्या देणारा म्हातारा आहे, तळणाच्या दुकानात बसलेला शिपाई आहे. त्यांच्यात आणि आपल्यात एकच ईश्वर वावरतो आहे, असं कवीला तिथे जाणवतं. गल्ली जितकी गलिच्छ, तितका त्याचा विचार निर्मळ होत जातो.

मराठी वाचकाला इथे नामदेव ढसाळांचा १९७२चा ‘गोलपिठा’ आठवणं साहजिक आहे. पण फरक लक्षात ठेवावा. ढसाळ त्या वस्तीच्या आतून बोलतात, त्यांच्या शब्दांना आग आहे. साबा दुकान बंद करून घरी निघालेला मध्यमवर्गीय माणूस आहे. तो त्या गल्लीचा रहिवासी नाही. पण नजर चुकवून भरभर पुढेही जात नाही. शहरात इतकंसं करणंही किती अवघड असतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

युद्धानंतर त्रिएस्त इटलीत आलं आणि चक्रं फिरली. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांनी स्लोव्हेन लोकांचं ‘नारोद्नी दोम’ हे सांस्कृतिक केंद्र जाळलं. पुढच्या काही वर्षांत स्लोव्हेन शाळा बंद झाल्या, आडनावं इटालियन वळणाची करण्याचे हुकूम निघाले. १८ सप्टेंबर १९३८ रोजी मुसोलिनीने ज्यूंविरोधी वंशकायद्यांची घोषणा केली ती त्रिएस्तच्याच मोठ्या चौकात, प्रचंड गर्दीसमोर. ज्या शहरावर साबाने आयुष्यभर प्रेम केलं, त्याच शहरात एके सकाळी तो ‘ज्यू’ ठरला. दुकान त्याला आपल्या सहकाऱ्याच्या नावे करावं लागलं. १९४३ मध्ये जर्मन सैन्य आल्यावर तो कुटुंबासह फ्लॉरेन्सला पळाला आणि एका घरातून दुसऱ्या घरात लपत राहिला. कवी एउजेनिओ मोन्ताले तिथे त्याला भेटायला येत असे. याच काळात त्रिएस्तमधल्या तांदूळ सडण्याच्या एका जुन्या गिरणीत नाझींनी छळछावणी उघडली. तिथे प्रेतं जाळण्याची भट्टीही होती.

बहुरंगी शहरावरच्या कविता वाचताना मला आता नेहमी ही तारीखवार यादी आठवते. शहराचा बहुरंगीपणा ही कायमची कमाई नसते. एका पिढीत ती मातीला मिळू शकते.

मिलानची टायपिस्ट

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीचं रूप पालटलं. दक्षिणेतल्या गरीब गावांतून लाखो माणसं मिलान, तोरिनो आणि रोमकडे निघाली. कवीही आता कंपन्यांत नोकरी करू लागले. वित्तोरिओ सेरेनी पिरेल्ली या टायर कंपनीत होता, जोवान्नी जुदिची ओलिवेत्तीत. सेरेनीच्या ‘कारखान्याला भेट’ या दीर्घ कवितेत पाहुणा म्हणून आलेल्या माणसाचा संकोच आहे. आत राबणाऱ्यांविषयी बोलायचं आहे, पण आपण त्यांच्यातले नाही, ही बोच तो लपवत नाही. मारिनेत्तीने पूजलेला कारखाना तो हाच. फक्त आता त्याच्या आत माणसं दिसू लागली होती.

एलिओ पाल्यारानीने याहून धाडसाचं काम केलं. १९५० नंतरच्या काही वर्षांत लिहिलेली त्याची ‘ला रागात्सा कार्ला’, म्हणजे ‘कार्ला नावाची मुलगी’, ही दीर्घकविता १९६० मध्ये ‘इल मेनाबो’ या नियतकालिकात आली. कार्ला सतरा वर्षांची. वडील वारलेले. रेल्वेमार्गाजवळच्या वस्तीत घर. टायपिंग शिकून ती मिलानच्या मधल्या भागात आयात-निर्यातीच्या एका कंपनीत नोकरीला लागते. कवितेत टायपिंगच्या पुस्तकातले धडे येतात, कचेरीतली कोरडी भाषा येते, ट्राम येते. एक दिवस साहेब अंगलट येतो. ती घाबरून घरी पळते. आणि आई तिला परत कामावर पाठवते, कारण घर त्या पगारावर चालतं.

एवढीच गोष्ट. कुणी नायिका नाही, कुणी बंड करत नाही. पण भविष्यवाद्यांनी शहराच्या वेगाची जी गाणी गायली, त्या वेगाची किंमत कोण भरतं, याचं उत्तर या एका मुलीच्या पहिल्या नोकरीत आहे. आपल्याकडच्या कुठल्याही गावातून शहरात पहिल्या नोकरीला लागलेल्या मुलीने ही कविता वाचावी. तिला टिपांची गरज पडणार नाही.

रोमच्या वेशीबाहेर

रोमची गोष्ट निराळी. प्राचीन साम्राज्याचे अवशेष ठसठशीत दिसावेत म्हणून मुसोलिनीने १९३० नंतर जुन्या वस्त्या पाडल्या. कोलोसियमपासून निघणारा रुंद राजरस्ता १९३२ मध्ये खुला झाला तो असाच. तिथली गरीब कुटुंबं उचलून शहराबाहेरच्या माळावर टाकली गेली. या वस्त्यांना ‘बोर्गाते’ म्हणतात. पुढे दक्षिणेतून आलेले लोक तिथेच, पत्र्यांच्या आणि विटांच्या खोपट्यांत भरत गेले. त्यात १९३९चा एक कायदा होता. मोठ्या शहरात रहिवासी म्हणून नोंद हवी असेल तर आधी काम दाखवा, असं तो सांगे. आणि काम हवं असेल तर आधी रहिवासाची नोंद दाखवा. फॅसिझम १९४५ मध्ये संपला, हा कायदा मात्र १९६१ पर्यंत टिकला. म्हणजे इटालियन माणूस आपल्याच देशाच्या राजधानीत वर्षानुवर्षं बेकायदा राहत होता. रेशनकार्डासाठी पत्ता आणि पत्त्यासाठी रेशनकार्ड, हा खेळ आपल्याला नवा नाही.

या माणसांचा कवी म्हणजे पिएर पाओलो पासोलिनी. जानेवारी १९५० मध्ये तो आईला घेऊन रोमला आला तेव्हा खिशात काही नव्हतं. तुरुंगासाठी ओळखल्या जाणाऱ्या रेबिब्बिया भागात तो राहिला आणि लांबच्या एका शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवू लागला. १९५७च्या ‘ग्राम्शीची राख’ या त्याच्या संग्रहात रोमची ती बाहेरची बाजू आहे. ज्या कवितेवरून संग्रहाला नाव मिळालं, तीत तो तेस्ताच्चो या कामगार वस्तीलगतच्या कबरस्तानात, विचारवंत आंतोनिओ ग्राम्शीच्या कबरीपाशी उभा आहे आणि जवळच्या वर्कशॉपमधले घणाचे आवाज त्याला ऐकू येत आहेत. याच संग्रहातल्या दुसऱ्या एका कवितेत नव्या इमारतींसाठी माती उपसणारं यंत्र जणू रडतं आहे. जे बदलतं आहे ते कदाचित बऱ्यासाठीच असेल, तरी जे जातं आहे त्याचं दुःख खरंच असतं, हे ती कविता सांगते. पुनर्विकासाच्या पाट्या लागलेल्या कुठल्याही मोहल्ल्यात ती समजेल.

पासोलिनीच्या नजरेतही दोष होता. गरिबीत त्याला एक निरागस सौंदर्य दिसे, जे गरिबांना स्वतःला दिसत नाही. १९६१च्या सुमारास तो लेखक आल्बेर्तो मोराव्हियासोबत भारतात आला. १९६२ मध्ये निघालेल्या ‘भारताचा गंध’ या त्याच्या पुस्तकाची सुरुवात मुंबईत, ताजमहाल हॉटेल आणि गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात रात्री भटकण्यापासून होते. रोमची ओसाड वेस आणि मुंबईचा फूटपाथ त्याला एकाच प्रश्नाची दोन टोकं वाटली असावीत. तरी त्या पुस्तकातला भारतीय माणूस बहुतेक वेळा मुका आहे, हेही खरं.

पण याच पासोलिनीने एक गोष्ट इतरांच्या फार आधी पाहिली. १९६० नंतरच्या ‘भाकीत’ नावाच्या एका कवितेत त्याने निळ्या डोळ्यांच्या अलीची कल्पना केली. हा अली आणि त्याच्यासारखे हजारो लोक अल्जियर्सकडून जहाजांत बसून येतील आणि इटलीच्या दक्षिण टोकाला, क्रोतोने किंवा पाल्मी इथे उतरतील. त्या काळात इटालियन लोकच पोटासाठी परदेशी जात होते. इटलीत कुणी पोट भरायला येईल, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

२६ फेब्रुवारी २०२३च्या पहाटे तुर्कस्तानातल्या इझ्मीरहून निघालेली एक बोट क्रोतोनेजवळ कुत्रो गावाच्या किनाऱ्यापाशी फुटली. ९० हून अधिक माणसं बुडाली. अफगाण बरेच होते, मुलंही होती. क्रोतोनेच्या क्रीडागृहात शवपेट्या ओळीने मांडल्या गेल्या. ज्यांची ओळख पटली नव्हती, त्यांच्या पेट्यांवर नावाऐवजी अक्षरं आणि आकडे चिकटवले होते. कवितेतलं क्रोतोने आणि बातमीतलं क्रोतोने एकच आहे, हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आज रोममध्ये भव्य मशीद आहे. पाओलो पोर्तोगेझी या इटालियन वास्तुविशारदाने ती रचली आणि १९९५ मध्ये ती खुली झाली. मारिनेत्तीने मागे टाकलेला मशिदीचा दिवा असा परत आला. अलीची मुलं आता रोम-मिलानच्या शाळांत शिकतात आणि इटालियनमध्ये स्वप्नं पाहतात. त्यांच्यातले काही लिहूही लागले आहेत. आपलं नाव मार्सेल न करता.

आपल्या वाचकांसाठी यात काय आहे? मोमिनपुरा, भिवंडी, मालेगाव, कौसा ही शहरांतली शहरं बातमीत येतात ती बहुधा दंगलीच्या, छाप्याच्या किंवा मतांच्या हिशेबात. तिथल्या लूमवरचा कामगार, पहाटे भट्टी पेटवणारा बेकरीवाला, शिवणयंत्रावर वाकलेली खाला, पहिल्या नोकरीला निघालेली शबाना यांची नोंद मराठी कवितेत किती सापडते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. उर्दूत ती आहे. पण आपण मराठीत लिहितो, तर ही मराठीतली थकबाकी आपल्याच नावावर आहे. त्यासाठी फार मोठे शब्द लागत नाहीत. उंगारेत्तीला मित्राचं नाव, गल्ली आणि घराचा नंबर पुरला.